संपादकाचें दप्तर आणि आपलें घर

(अंकुशनगर, तालुका अंबड, जिल्हा जालना येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढें उसाच्या भावाचा, पिकापाण्याचा किंवा कर्जाचा विषय घेऊन आलों नाहीं. आजचा विषय जुन्या कागदांचा आहे. आणि त्यांतही एका विशेष प्रकारच्या कागदांचा, म्हणजे वर्तमानपत्र चालवणाऱ्या संपादकाच्या मागें त्याच्या घरीं जे कागद राहतात त्यांचा. तुम्ही म्हणाल, नांगर धरणाराला आणि भाता ओढणाराला याचें काय? तेंच सांगावयाचें आहे. थोडा वेळ कान द्या.

कागदाशीं आपल्या लोकांचें सख्य कधीं नव्हतें. कागद म्हटला कीं आपल्या आजापणजांना सावकाराचें खत आठवे, कुळकर्ण्याचें दप्तर आठवे, कोर्टाचें समन्स आठवे. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यांत काय लिहिलें आहे हें अंगठा उठवणारालाच ठाऊक नसे. म्हणून कागद हें दुसऱ्याच्या हातचें हत्यार, ही समजूत आपल्यांत पिढ्यानपिढ्या चालत आली. ती उगीच झाली नाहीं. सोसलें म्हणून झाली. पण तिचा एक वाईट परिणाम झाला. जे कागद आपल्या बाजूचे होते, आपल्याच माणसांनीं आपल्यासाठीं लिहिले होते, तेही आपण जपले नाहींत. सावकाराच्या खताबरोबर आपण आपली स्वतःची साक्षही चुलींत घातली.

संपादकाचें दप्तर म्हणजे काय हें आधीं नीट समजून घेऊं. छापलेला अंक हा त्यांतला एक भाग झाला. त्याशिवाय संपादकाच्या पेटींत गांवोगांवच्या बातमीदारांचीं पत्रें असतात, वर्गणीदारांची वही असते, कागदवाल्याचें व छापखान्याचें देणें असतें, सरकारी नोटिसा असतात, खोडून पुन्हां लिहिलेले अग्रलेख असतात, न छापतां ठेवून दिलेल्या तक्रारी असतात, मित्रांचे सल्ले आणि शत्रूंच्या शिव्या असतात. छापलेला अंक म्हणजे बाजारांत नेलेलें धान्य, आणि दप्तर म्हणजे खळें. पोत्यावरून माल कसा आहे हें कळतें. पण पीक कोणीं राबून आणलें, किती किडीनें खाल्लें, किती पाखरांनीं नेलें, हें खळ्यावर गेल्यावांचून कळत नाहीं. कोणत्या गांवीं किती अंक जात होते, जुलमाची बातमी कोणीं कळविली, ती छापल्यावर त्याला गांवानें कसें वागविलें, कोणती बातमी छापण्याची संपादकाची छाती झाली नाहीं, हें सर्व दप्तरांत सांपडतें. अंकांत सांपडत नाहीं.

राजेरजवाड्यांचा इतिहास सनदांत आणि ताम्रपटांत लिहिलेला असतो. कुणब्याचा, माळ्याचा, सुताराचा, कुंभाराचा, महारामांगाचा इतिहास कोठें लिहिला आहे? वसुलाच्या वहींत त्याच्याकडे किती बाकी आहे एवढें लिहिलें आहे. फौजदारी कागदांत त्याला कितीची शिक्षा झाली एवढें लिहिलें आहे. पण त्याला काय वाटलें, त्यानें काय मागितलें, तो कशासाठीं भांडला, हें त्याच्या स्वतःच्या शब्दांत जर कोठें राहिलें असेल तर तें अशा संपादकांना आलेल्या पत्रांत राहिलें आहे. म्हणून संपादकाचें दप्तर त्या एकट्याचें नसतें. त्यांत आपलें घर असतें.

आतां आपल्या चळवळींतलाच हिशेब पाहूं. सत्यशोधक समाज १८७३ सालीं स्थापन झाला. त्याचें म्हणणें लोकांपुढें मांडावयास पत्र हवें होतें. १८७७ च्या जानेवारींत कृष्णराव भालेकर यांनीं पुण्यांत ‘दीनबंधु’ हें साप्ताहिक काढलें. कष्टकरी लोकांची बाजू घेऊन उभें राहिलेलें असें पत्र त्यापूर्वीं आपल्याकडे नव्हतें. पैशाच्या ओढाताणीमुळें भालेकरांना तें फार दिवस चालवतां आलें नाहीं. १८८० सालीं तें मुंबईस गेलें आणि नारायण मेघाजी लोखंडे त्याचे संपादक झाले. हेच लोखंडे १८८४ सालीं गिरणीकामगारांचे पुढारी म्हणून उभे राहिले, आणि १८९० सालीं गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली तिच्यामागें त्यांची खटपट होती.

इतक्या मोलाचें हें पत्र. पण त्याच्या आरंभींच्या वर्षांचे अंक सलग पाहूं म्हटलें तर मिळत नाहींत. मग अभ्यासकांना त्यांतल्या मजकुराचा पत्ता कोठून लागतो? इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवीत असे. दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजींत सारांश करून तो अधिकाऱ्यांना गुप्तपणें देण्यांत येई. तो सारांश सरकारी दप्तरांत टिकला. म्हणजे पाहा, ज्यांच्यासाठीं पत्र निघालें त्यांच्या घरीं तें राहिलें नाहीं, आणि ज्यांना त्याचा संशय होता त्यांच्या कपाटांत त्याची सावली राहिली. सावली ती सावलीच. सरकारला ज्याची काळजी तेवढेंच त्यानें उतरून घेतलें. कोण्या गांवीं कोणा माळ्यानें भटावांचून मुलीचें लग्न लावलें, त्या दिवशीं कोणकोण जेवावयास आलें आणि कोण आलें नाहीं, याचें सरकारला काय होय? तें सारांशांत आलें नाहीं. आणि मूळ अंक नाहीं तेथें तें कायमचें गेलें.

जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाची कथा तर प्रत्येक शेतकऱ्यानें ऐकून ठेवावी अशी आहे. जोतीरावांनीं तें १८८३ सालीं लिहून पुरें केलें. त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें ‘दीनबंधु’त आलीं, आणि पुढचीं छापण्याचें खुद्द लोखंड्यांनींच नाकारलें. जोतीरावांना तो भेकडपणा वाटला. कोणाचें बरोबर, कोणाचें चूक, हा वाद आज आम्ही काढीत नाहीं. संपादकाच्या डोक्यावर कोणती तरवार टांगलेली असते हें त्याचें तोच जाणे. पण परिणाम काय झाला तो पाहा. १८९० सालीं जोतीराव वारले तेव्हां तें पुस्तक पुरें छापलेलें नव्हतें. हस्तलिखित टिकलें म्हणूनच आज तें आपल्या हातीं आहे. १९६९ सालीं सरकारी मंडळानें जोतीरावांचें समग्र वाङ्मय छापलें, तेव्हां तें घरोघर जाण्याजोगें झालें. त्याच्याही आधींचें ‘तृतीय रत्न’ नाटक घ्या. गरोदर कुणबिणीला व तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांची भीति घालून कसा लुबाडतो, हें दाखवणारें हें नाटक जोतीरावांनीं १८५५ सालीं लिहिलें. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें पसंत केलें नाहीं. तें छापून बाहेर पडावयास १९७९ साल उजाडलें. शंभर आणि वर चोवीस वर्षें तें नाटक केवळ कागदाच्या जिवावर जगलें. मधल्या काळांत एखाद्या पावसाळ्यांत पेटींत पाणी शिरलें असतें, तर असें नाटक होतें यावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

आतां त्याच भालेकरांच्या मुलाची कथा ऐका. ती आपल्या शेजारचीच आहे. आपल्या अंकुशनगराहून गोदावरीच्या वरच्या अंगाला निघालों, पैठण मागें टाकलें, कीं नेवासें तालुका लागतो. त्या तालुक्यांत तरवडी म्हणून खेडें आहे. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव हे १८८५ सालीं जन्मले आणि पाटील घराण्यांत दत्तक गेले. त्या घराण्यांतल्या गणपतराव पाटलांनीं पूर्वीं ‘दीनमित्र’ नांवाचें मासिक चालविलें होतें. पण ते लवकर वारले आणि मासिक बंद पडलें. तेंच नांव मुकुंदरावांनीं उचललें. १९१० च्या नोव्हेंबरांत सोमठाणें या खेड्यांतून साप्ताहिक ‘दीनमित्र’ सुरू झालें, पुढें तें तरवडीहून निघूं लागलें, आणि मुकुंदरावांनीं तें १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मरणाच्या सालापर्यंत चालविलें. सत्तावन वर्षें! पुण्यामुंबईच्या पेठांतून नव्हे, खेड्यांतून. आरंभीं वीज नाहीं, मोटार नाहीं, जाहिरातदार नाहीं. वर्गणी सुगीवर अवलंबून, आणि सुगी पावसावर. त्यांतच त्यांनीं १९१३ सालीं ‘कुलकर्णीलीलामृत’ हें काव्य लिहिलें. कुळकर्णी दप्तराच्या जोरावर रयतेला कसें नाडतो हें त्यांत पोथीच्या थाटानें, ओवींत सांगितलें आहे. ज्या रयतेला अग्रलेख कळत नसे तिला पोथी कळत होती, हें मुकुंदराव जाणून होते.

या ‘दीनमित्रा’चे अंक मोठ्या संख्येनें टिकले. ते टिकले म्हणून सत्यशोधक मंडळींचीं खेड्यांतलीं कामें, त्यांच्या सभा, जलसे व लग्नें यांचा ठाव आज लागतो. गेल ऑम्वेट या विदुषींनीं १९७६ सालीं सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवर इंग्रजींत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ‘दीनमित्र’ हा एक मोठा आधार आहे. परदेशांत जन्मलेली बाई येते, मराठी शिकते, खेड्यांतल्या साप्ताहिकाचीं पिवळीं पानें उलटते, आणि आपल्या आजोबांनीं काय केलें तें जगाला सांगते. अंकच नसते तर तिनें काय सांगितलें असतें? तरवडीस आज मुकुंदरावांचें स्मारक आहे आणि त्यांच्या नांवानें लेखकांना पुरस्कारही दिले जातात.

बापाचें पत्र शहरांत निघालें, त्याचे पहिले अंक हरवले. लेकाचें पत्र खेड्यांत निघालें, तें टिकलें. म्हणजे शहरांत कागद टिकतो आणि खेड्यांत नासतो, ही समजूत खरी नव्हे. आम्हांला कारण असें दिसतें कीं ‘दीनबंधु’ हातोहातीं फिरलें. पुण्याहून मुंबईस गेलें, एका संपादकाकडून दुसऱ्याकडे गेलें, आणि फिरत्या बिऱ्हाडाचीं भांडीं जशीं वाटेंत गळतात तशी त्याची गत झाली. ‘दीनमित्र’ एकाच माणसाच्या हातीं एका मुलुखांत स्थिर राहिलें. कागदाला राखणदार लागतो. इमारतीपेक्षां राखणदार महत्त्वाचा.

तिसरी कथा सर्वांत मोठ्या माणसाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना घटनेचे शिल्पकार म्हणून सर्व ओळखतात; पण ते संपादकही होते हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. ३१ जानेवारी १९२० रोजीं त्यांनीं ‘मूकनायक’ सुरू केलें. त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांची मदत केली. ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’, १९३० पासून ‘जनता’, आणि १९५६ सालीं त्याचेंच ‘प्रबुद्ध भारत’ झालें. छत्तीस वर्षें या ना त्या पत्राशीं त्यांचें नातें राहिलें.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लीस अलीपूर रस्त्यावरच्या २६ नंबरच्या घरीं वारले. मागें लिहून ठेवलेल्या, अर्धवट राहिलेल्या, न छापलेल्या मजकुराचे ढीग राहिले. मालकी कोणाची हा प्रश्न आला आणि कागद कोर्टाच्या ताब्यांत गेले. दिल्लीहून ते पुढें महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यांत आले आणि त्यांच्या पेट्या एका खोलींत पडून राहिल्या. मध्यंतरीं, १९६७ सालीं, दिल्लीच्या त्या घरांतून सामान बाहेर काढण्यांत आलें, तेव्हां तेथें राहिलेले कांहीं कागद उघड्यावर पडले आणि पावसांत भिजून गेले. ज्या माणसानें देशाला घटना लिहून दिली त्याच्या हातचे कागद अंगणांत भिजले! शिकलेल्या लोकांच्या राजधानींत हें घडलें. तेव्हां कागद नासणें हा केवळ अडाण्यांचाच दोष, असें कोणी म्हणूं नये.

पुढें महाराष्ट्र सरकारनें १९७६ सालीं बाबासाहेबांचें साहित्य प्रसिद्ध करण्यासाठीं समिति नेमली. वसंत मून हे त्या कामाचे अधिकारी व संपादक झाले. पहिला खंड १९७९ सालीं निघाला. पण पेट्या अजून बंदच होत्या. अखेर १८ सप्टेंबर १९८१ रोजीं त्या सरकारच्या वतीनें ताब्यांत घेण्यांत आल्या. त्यांत पंचेचाळीस पुडकीं होतीं. बाबासाहेबांच्या मरणाला तेव्हां जवळजवळ पंचवीस वर्षें झालीं होतीं. मग सुटीं पानें लावणें, कोणतें पान कोणत्या प्रकरणाचें हें ठरवणें, शाई उडालेल्या ओळी वाचणें, हें काम वर्षानुवर्षें चाललें. ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक १९९० सालीं सरकारनें पुन्हां छापले. अर्थात जे अंक जपलेले मिळाले तेवढेच छापतां आले. आजवर वीसाहून अधिक खंड निघाले आहेत. तरीही सरकारी गाडा कसा चालतो पाहा: २०२१ सालीं हे खंड छापण्याचें काम रखडल्याची बातमी एका वर्तमानपत्रांत आली, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाला आपण होऊन तिची दखल घ्यावी लागली.

या कथेंतून तीन गोष्टी आपण गांठीं बांधाव्या. पहिली, माणूस कितीही मोठा असो, त्याचे कागद आपोआप टिकत नाहींत. दुसरी, कागद कोणाच्या हातीं जावे हें जिवंतपणीं ठरलें नाहीं तर मागाहून मालकीच्या भांडणांत वर्षें जातात, आणि वाळवी कांहीं कोर्टाच्या तारखेची वाट पाहत नाहीं. तिसरी, कागद एकाच जागीं आणि एकाच प्रतींत असला, कीं एक पाऊस पुरे होतो.

आतां तुम्ही म्हणाल, हे सर्व मोठे लोक. आमच्या घरीं कोण संपादक होऊन गेला? बंधूंनो, तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते कोणाच्या वह्यांतून? ज्यांनीं ते उतरून ठेवले त्यांत संताजी जगनाडे यांचें नांव पुढें आहे. संताजी तेली होते. दिवसभर घाणा चालवणारा माणूस, त्यानें वह्या लिहिल्या आणि त्याच्या घराण्यानें त्या जपल्या. घाणा चालवणाराचें कागदाशीं काय काम, असें संताजींनीं म्हटलें असतें तर आज वारींत आपण काय गाइलें असतें? आपल्या पैठणच्या नाथांनींही तेंच केलें. नेवाशास सांगितलेली ज्ञानेश्वरी हातोहात नकलतांना बिघडत चालली होती; नाथांनीं जुन्या प्रती जमवून शके १५०६ मध्यें तिचा शुद्ध पाठ लावून ठेवला. कागद जपणें हें काम आपल्या गोदाकांठाला नवें नाहीं.

घरगुती पत्रांचेंही तसेंच. सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांना लिहिलेलीं तीन पत्रें प्रसिद्ध आहेत. एक १८५६ सालचें, एक १८६८ सालचें, एक १८७७ सालचें. बायकोनें नवऱ्याला लिहिलेलीं पत्रें, त्यांत काय विशेष, असें कोणीही म्हणून तीं फेकून दिलीं असतीं. पण १८७७ च्या दुष्काळांत जुन्नर भागांत माणसें कशीं अन्नान्न करीत होतीं आणि सत्यशोधक मंडळी त्यांच्यासाठीं कशीं धांवलीं, हें एका बाईनें तेथें उभें राहून त्याच दिवसांत लिहिलें आहे. सरकारी अहवालांत दुष्काळाचे आंकडे मिळतील. हा डोळा मिळणार नाहीं. तुमच्या घरींही १९७२ च्या दुष्काळांतलें एखादें पत्र असेल. खडी फोडावयास गेलेल्या भावानें, मुंबईच्या गिरणींत शिरलेल्या चुलत्यानें, ऊसतोडीला गेलेल्या कोणा आप्तानें कोणाकडून तरी लिहवून पाठविलेलें कार्ड असेल. तें संपादकाच्या दप्तराइतकेंच मोलाचें आहे.

आपल्या मराठवाड्याची अडचण आणखी निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. दरबारचा कारभार आधीं फारसींत, मग उर्दूंत. जुने गांवकीचे कागद पुष्कळसे मोडींत. मराठी वर्तमानपत्र काढणें म्हणजे विस्तवाशीं खेळ. १९२० सालीं लक्ष्मणराव फाटक यांनीं हैदराबादेहून ‘निजाम विजय’ काढलें. १९३८ सालीं आ. कृ. वाघमारे यांनीं ‘मराठवाडा’ काढलें; त्यावर बंदी आली कीं नांव बदलून पुन्हां काढावें लागे. बंदी घातलेला अंक घरांत ठेवणें म्हणजे पोलिसाला आमंत्रण. तेव्हां आपल्याकडे जुने अंक व पत्रें कमी टिकलीं तर नवल नाहीं. जीं टिकलीं तीं मात्र म्हणूनच अधिक जपलीं पाहिजेत.

आणि कागदाची किंमत आतां आपल्या तालुक्याला नव्यानें शिकवावयास नको. आपल्याच अंबड तालुक्यांतल्या अंतरवाली सराटीचें नांव २०२३ सालीं सर्व महाराष्ट्रांत झालें. सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली आणि निजामाच्या काळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचें काम सुरू झालें. त्या प्रश्नाच्या बाजू आज आम्ही उलगडीत बसत नाहीं. प्रत्येकाचें मत प्रत्येकापाशीं. पण एवढें सर्वांनींच पाहिलें कीं कोणा कारकुनानें कधीं तरी लिहिलेला एक शब्द शंभर वर्षांनीं घरादाराचा प्रश्न होऊन बसतो. तो शब्द मोडींत किंवा उर्दूंत असला तर वाचणारा शोधत हिंडावें लागतें. ही पाळी एका जातीवर नाहीं, सर्वांवर येते. जमिनीचा वाद, वाटणीचा वाद, जातीचा दाखला, धरणांत गेलेल्या गांवाचा मोबदला, सर्वांना शेवटीं जुना कागदच लागतो.

या अंकुशनगरांत समर्थ साखर कारखान्यामुळें वस्ती वाढली. कारखान्यावर ऊस घातला कीं वजनाची पावती शेतकरी कशी जपतो? पागोट्यांत खोवून, पिशवींत घडी करून, देवाच्या फळीवर ठेवून. कां? त्या पावतीवर पैसे मिळावयाचे असतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं आजोबांचें पत्र ही तुमच्या घराण्याच्या राबण्याची वजनपावती आहे. तिचे पैसे आज मिळणार नाहींत. पण ती हरवली तर वजनच झालें नाहीं असें उद्यां कोणीही म्हणेल.

मग करावें काय? तें थोडक्यांत सांगतों.

दिवाळीच्या साफसफाईंत जुना कागद रद्दीवाल्याला देण्यापूर्वीं एकदां घरांतल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला तो वाचावयास सांगा. वहीखातें, पत्र, पावती, सभेचें हस्तपत्रक, जुन्या साप्ताहिकाचा अंक, जलशाची वही, जातपंचायतीचा कागद, हे निराळे काढा. एकट्यानें निवडूं नका. म्हाताऱ्या माणसाला शेजारीं बसवा, कारण कागदांतलें नांव कोणाचें हें तिलाच ठाऊक असतें.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावूं नका. ती कांहीं वर्षांनीं पिवळी पडते आणि अक्षरासकट निघते. प्लास्टिकमध्यें तापवून कागद पक्का करून देणारे दुकानदार आहेत. जुना कागद त्यांच्या हातीं देऊं नका, तो पुन्हां सोडवतां येत नाहीं. भिजलेला कागद उन्हांत नव्हे, सांवलींत वाळवा. घड्या सोडून, सुती धुतलेल्या फडक्यांत बांधून, भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवा. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालांत बांधीत तें उगीच नव्हे. वाळलेला कडुलिंबाचा पाला जवळ ठेवा, आणि वर्षांतून दोनदां गांठ सोडून पाहा. न उघडलेलें गांठोडें हें कसरीचें घर.

प्रत्येक पुडक्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: हा कागद कोणाचा, कोणत्या गांवचा, कोणाकडून आला. मूळ कागदावर शाईनें कांहीं लिहूं नका. मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा व दोन-तीन ठिकाणीं ठेवा. पण फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकूं नका. फोन हरवतो, बिघडतो, बदलतो. आजच्या तालुक्याच्या पत्रकारांनाही आमचें हेंच सांगणें आहे. पूर्वींच्या संपादकाच्या मागें निदान पेटी राहत होती. आज बातमी फोनवर येते, फोनवरून जाते. फोन गेला कीं दप्तर गेलें. पत्रकारांनीं महत्त्वाचीं पत्रें व तक्रारी कागदावर उतरून ठेवाव्या, आणि आपल्या अंकाची एक पूर्ण फाईल आपल्या घराबाहेर, एखाद्या वाचनालयांत ठेवावी.

मोडी किंवा उर्दू कागद वाचतां येत नसला तर तो निरुपयोगी समजूं नका. सरकारचें पुराभिलेखागार छत्रपति संभाजीनगरास आहे, पुण्यास पेशवे दप्तर आहे. तेथें चौकशी करावी. आपल्या पोरांपैकीं दोघांनीं तरी मोडी शिकावी. तें कांहीं वेद शिकण्यासारखें मना केलेलें नाहीं. कोणा संस्थेला किंवा अभ्यासकाला कागद दिले तर यादी करून द्या, पावती घ्या, आणि नक्कल घरीं ठेवा. आपल्या लोकांनीं विश्वासावर कागद दिले आणि ते परत आले नाहींत, असें फार झालें आहे.

आणि शेवटचें. गांवच्या वाचनालयांत, शाळेंत किंवा सोसायटीच्या कचेरींत एक लोखंडी कपाट या कामासाठीं राखून ठेवा. त्याच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या वाड्यांतल्या माणसांपाशीं असाव्या, आणि त्यांत एक बाई असावी. कपाटांत कोणत्याही जातीच्या घरचा कागद येऊं द्या. महाराचा कागद खालच्या फळीवर आणि पाटलाचा वरच्या, असें करूं नका. एका कपाटाचा खर्च एका लग्नाच्या मांडवाहून जास्त येत नाहीं.

भालेकरांनीं कर्ज काढून पत्र चालवलें असेल, मुकुंदरावांनीं खेड्यांत राहून सत्तावन वर्षें लेखणी झिजवली, बाबासाहेबांनीं उपाशीपोटीं शिकून मुक्यांना वाचा दिली. त्यांनीं आपलें काम केलें. त्यांनीं लिहिलेलें व आपल्या वाडवडिलांनीं त्यांना लिहिलेलें राखणें एवढें आपल्या वांट्याला उरलें आहे. आज घरीं गेल्यावर माळ्यावरची ती जुनी पेटी खालीं काढा आणि उघडून पाहा. एवढेंच मागणें मागून आम्ही आपली रजा घेतों.